क्रॉफर्ड ते कँटन

मिसिसिपी राज्याच्या पूर्व कडेला कोलंबस नावाचं गाव आहे. तिथून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासात क्रॉफर्ड लागतं. वस्ती काही शेकड्यांची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुरणं, तारेची कुंपणं, गवताचे गोल भारे आणि मधूनच एखादं छोटं चर्च. एप्रिल होता, नुकता पाऊस पडून गेला होता आणि माती गाडीच्या चाकांना चिकटत होती. गावात एक निळी पाटी उभी आहे, ती ब्लूज गायक बिग जो विल्यम्स यांच्या स्मरणार्थ. ते इथलेच. मी मात्र आले होते याच गावात वाढलेल्या एका गवंड्याच्या मुलासाठी.

त्याचं नाव जेरी राइस. अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर. २००५ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि २०८ टचडाउन होते, आणि या तिन्ही आकड्यांपर्यंत अजून कुणी रिसीव्हर पोचलेला नाही. यार्डांच्या यादीत दुसरा आहे लॅरी फिट्झजेराल्ड, १७,४९२ यार्डांवर. तोही थोर खेळाडू, सतरा हंगाम खेळला. एका हंगामात हजार यार्ड मिळवले की रिसीव्हरचं वर्ष चांगलं गेलं असं मानतात. म्हणजे फिट्झजेराल्डला राइसला गाठायचं तर आणखी पाच चांगले हंगाम खेळावे लागले असते आणि तरीही चारशे यार्ड उरले असते.

खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकन फुटबॉल हा जमीन मिळवण्याचा खेळ आहे. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर बाजूच्या रेषेजवळ उभा असतो. तो पळत जातो, चेंडू झेलतो आणि कुणीतरी पाडेपर्यंत पळत राहतो. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन, सहा गुण. राइसचे सगळे यार्ड एका रेषेत मांडले तर ते एकवीस किलोमीटरच्या जरासे आत भरतात. जवळजवळ अर्धमॅरेथॉन. ती धावायला त्याला वीस हंगाम लागले, कारण त्यातल्या प्रत्येक यार्डावर त्याला आडवं पाडायला कुणीतरी धावून येत होतं.

माझं आणि या माणसाचं नातं टीव्हीतून जुळलं. १९९४ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत होतो. ५ सप्टेंबरला, सोमवारी रात्री, शेजाऱ्यांकडे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स विरुद्ध रेडर्स हा सामना लावला होता. नियमांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. सामना संपत आला असताना स्टीव्ह यंगने लांब चेंडू फेकला, आणि गोलरेषेजवळ ८० नंबरचा सदरा घातलेला एक माणूस बचावपटूच्या डोक्यावरून उंच उडाला, चेंडू घेऊन खाली आला. तो त्याचा त्या रात्रीचा तिसरा टचडाउन होता आणि कारकिर्दीतला १२७ वा. जिम ब्राउन यांचा १२६ चा विक्रम मोडला. घरातले सगळे ओरडत होते. मी त्या माणसाचे हात बघत होते. चेंडू हातात शिरला तेव्हा जराही आवाज झाला नसावा, असं वाटावं इतकी ती पकड अलगद होती. ते हात कुठे तयार झाले हे पाहायची इच्छा तेव्हापासून मनात होती. आता सनीवेलला राहणाऱ्या भाच्याने रजा काढली आणि गाडी चालवायचं कबूल केलं, म्हणून हा प्रवास घडला.

राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, जवळच्या स्टार्कव्हिलचा. आठ भावंडं. वडील जो नेथन राइस गवंडीकाम करायचे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलं त्यांच्या हाताखाली राबायची. भाऊ खालून विटा फेकायचा, जेरी वर उभा राहून झेलायचा. एक-एक वीट नव्हे, चार-चार एकदम. हवेत त्या सुट्या व्हायच्या आणि एकेक वेगळ्या दिशेला जायची, तरी तो चारही पकडायचा, असं त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. सांगलीला आमचं घर बांधलं तेव्हा बिगारी अशाच विटा पहिल्या मजल्यावर फेकायचे. वरचा माणूस विटेला हात लावायचाच नाही; हात विटेबरोबर थोडा मागे न्यायचा आणि मग वीट जणू आपणहून तिथे येऊन बसायची. हात ताठ धरला की बोटं सोलून निघतात. सांगलीच्या त्या बिगाऱ्याचे तळवे मी जवळून पाहिले होते. खरबरीत, भेगाळलेले, पण बोटं विलक्षण मऊपणाने हलणारी. जिला आदळू दिलं तर इजा होते अशी वस्तू झेलत मोठ्या झालेल्या मुलाला चामड्याचा चेंडू अवघड का वाटावा?

क्रॉफर्डमध्ये आम्हाला कुणी जेरी राइसचं घर दाखवलं नाही आणि मी आग्रहही धरला नाही. पेट्रोलपंपावरच्या बाई म्हणाल्या, “इथल्या बऱ्याच भिंती त्याच्या बापाने उचलल्यात.” मग आम्ही गावातून चालत फिरलो आणि विटांच्या घरांपाशी थांबून सांधे बघितले. कोणतं काम कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. पण काही भिंती अशा होत्या की त्यांच्या ओळींवर नुसती नजर फिरवावी. सिमेंटची रेघ सगळीकडे सारखी जाड, कोपरा ओळंब्यात, कुठे एक ओघळ नाही.

तिथून ऑक्टॉक. हे गाव म्हणजे एका रस्त्याभोवतीची विखुरलेली घरं. इथल्या बी. एल. मूर हायस्कूलमध्ये राइस शिकला. त्या नावाने शाळा आता भरत नाही. दहावीच्या सुमारास एकदा तो तास बुडवून बाहेर भटकत होता आणि मागून उपप्राचार्य आले. पोरगा असा सुसाट सुटला की शिक्षा देणाऱ्याच्या डोळ्यांत ती धाव भरली. शिक्षा झालीच, पण शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांकडे शब्दही गेला. आईला हा आडदांड खेळ पसंत नव्हता. मुलाने हट्ट धरला आणि शेवटी तिने मान तुकवली. त्याआधी त्याचा व्यायाम एकच होता: कच्च्या रस्त्यांवरून धावणं आणि शेजाऱ्यांच्या कुरणातल्या घोड्यांचा पाठलाग करणं. घोडा पकडल्याशिवाय त्यावर बसायला मिळत नसे. ऑक्टॉकच्या रस्त्यावर आम्हाला कुंपणापलीकडे दोन घोडे चरताना दिसले. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले तेवढ्यानेच ते शंभर पावलं लांब गेले. त्यांच्यामागे धावत जाऊन त्यांना दमवायचं म्हणजे काय, ते त्या मोकळ्या रानात उभं राहिल्यावर लक्षात येतं.

स्टार्कव्हिलला मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचं अजस्र स्टेडियम आहे. राइसच्या घरापासून ते फार लांब नाही. पण मोठ्या विद्यापीठांपैकी कुणी त्याला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं नाही. खेड्यातली लहान शाळा, बघायला येणार कोण? आले ते आर्ची कूली, इट्टा बेना इथल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक. हे विद्यापीठ १९५० साली काळ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं, कारण तेव्हा राज्यातल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती. गवंड्याच्या मुलासाठी दार उघडलं ते याच विद्यापीठाने.

आम्हीही त्याच वाटेने गेलो. हायवे ८२ पश्चिमेला जातो. अंतर शंभर मैलांच्या आसपास. विनोनापर्यंत टेकड्या आणि पाइनची झाडं. मग कॅरल काउंटीत रस्ता एकदम उतरतो आणि समोर डेल्टा पसरतो. पोळपाटावर लाटल्यासारखी सपाट जमीन, क्षितिजापर्यंत नांगरलेली. कापसाची पेरणी सुरू व्हायची होती. अधूनमधून चौकोनी तळी दिसतात, ती कॅटफिश माशांची. ग्रीनवूडला आम्ही हा मासा मक्याच्या पिठात तळलेला खाल्ला. मोटेलचे मालक नवसारीचे निघाले, “राइस का? हो, व्हॅलीचा पोरगा,” असं ते अगदी आपल्या आळीतल्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाले.

विद्यापीठ हायवेलगतच आहे. आवार शांत, इमारती बुटक्या, झाडं कमी. स्टेडियमचं नाव १९९९ पासून ‘राइस–टॉटन’. यातला टॉटन म्हणजे विली टॉटन, राइसचा कॉलेजमधला क्वार्टरबॅक. नावं दोघांची मिळून ठेवली हे मला फार आवडलं. झेलणाऱ्याला फेकणारा लागतोच. कूलींनी या दोघांना घेऊन जे केलं ते त्या काळात वेडेपणाचं समजलं जायचं. चार-चार, पाच-पाच रिसीव्हर एकदम पळवायचे, दोन चालींमध्ये घोळका करून बोलत बसायचं नाही, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. या हल्ल्याला ‘सॅटेलाइट एक्स्प्रेस’ म्हणत. १९८४ च्या हंगामात हा संघ प्रत्येक सामन्यात सरासरी साठाच्या वर गुण करत होता आणि टॉटनने त्या एका वर्षात ५६ टचडाउन पास फेकले. राइसला तिथे सगळे ‘वर्ल्ड’ म्हणायचे, कारण जगात असा चेंडू नाही जो तो झेलणार नाही.

रखवालदाराने आम्हाला आत सोडलं. मैदानाच्या एका अंगाला बसायच्या पायऱ्या, पलीकडे मोकळं आकाश आणि वारा. या पायऱ्यांवर कितीही माणसं बसली तरी देशाला त्याचा पत्ता लागणं अवघड. तो लागला एका योगायोगाने. फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श १९८४ च्या हंगामात सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर त्यांना या पोराचे झेल दिसले आणि ते नाव त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्या वर्षीच्या निवड प्रक्रियेत आपली पाळी खूप उशिरा आहे हे पाहून त्यांनी न्यू इंग्लंडच्या संघाशी अदलाबदल केली, वर सरकले आणि सोळाव्या क्रमांकावर राइसला उचललं. अनेकांचं मत होतं की मुलगा पुरेसा वेगवान नाही. चाळीस यार्डांच्या शर्यतीत त्याचं घड्याळ बेताचं होतं. वॉल्शना घड्याळात रस नव्हता. खेळताना त्याला कुणी मागून गाठत नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

मिसिसिपी संपवून आम्ही विमानाने बे एरियात परतलो आणि दुसऱ्याच सकाळी रेडवूड सिटीजवळच्या एजवूड पार्कला गेलो. राइसच्या कारकिर्दीत जर एखादं तीर्थक्षेत्र असेल तर ते हे. फोर्टीनाइनर्समधला त्याचा सहकारी रॉजर क्रेग त्याला या टेकडीवर घेऊन आला, आणि मग हंगाम संपल्यावर इतर खेळाडू सुटीवर जायचे तेव्हा राइस सकाळी इथे चढ धावायचा आणि दुपारी वजनं उचलायचा. आठवड्याचे सहा दिवस. वाट अडीच मैलांची. सर्वांत उभ्या टप्प्यावर तो थांबायचा, ते विश्रांतीसाठी नाही. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वेगाने चढण्यासाठी. त्याच्याबरोबर सराव करायला हौसेने आलेले किती तरी खेळाडू अर्ध्यावर बसले.

मी चालत चढले. सुरुवातीला ओकच्या झाडांची दाट सावली आहे, पायाखाली जुनी पानं, आणि वाटेच्या कडेला ‘पॉयझन ओक’ या खाजऱ्या झुडपाबद्दल सावध करणाऱ्या पाट्या. वळणं संपतच नाहीत. मॅड्रोनच्या झाडांची तांबडी साल सोलून लोंबत होती. मग सावली सरते आणि उघडा माळ लागतो. सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकाचा. त्या खडकावर फारसं काही उगवत नाही, पण वसंतात रानफुलं मात्र उसळून येतात. पिवळ्या गोल्डफील्ड्सचा अख्खा उतार झाला होता. एका वळणावर मी दम घ्यायला थांबले. डांबर नाही, कठडा नाही; सुटी माती आणि खडे. छाती भात्यासारखी चालली होती. इथे पाय घसरू न देता धावायचं तर प्रत्येक पाऊल नेमकं पडायला हवं, आणि दमलेल्या माणसाचं नेमकं तेच आधी बिघडतं. राइसचं खरं शस्त्र होतं पाय रोवून दिशा बदलणं. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत बचावपटूंचे पाय जड व्हायचे तेव्हा याची वळणं पहिल्या मिनिटासारखीच टोकदार असायची. टेकडीवर त्याने काय कमावलं ते हे. वरून खाली हायवे २८० वरच्या गाड्या दिसत होत्या. त्यातल्या कुणालाच वर एक माणूस चढावर जीव काढतोय हे वर्षानुवर्षं कळलं नसेल.

सनीवेलच्या बागेत भाच्याच्या मुलीने मला हे वळण प्रत्यक्ष दाखवलं. ती हायस्कूलमध्ये फ्लॅग फुटबॉल खेळते. यात पाडापाडी नाही. कमरेची पट्टी ओढली की चाल थांबते. कॅलिफोर्नियात २०२३ पासून हा मुलींचा अधिकृत शालेय खेळ आहे आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो असणार आहे. ती रिसीव्हरच आहे. म्हणाली, “मावशीआजी, तू इथे उभी राहा. तू डिफेन्स.” मग तिने स्लँट नावाची वाट पळून दाखवली. सरळ तीन पावलं, इतक्या जोरात की मी आपोआप मागे सरकले. तिसऱ्या पावलाला बाहेरचा पाय रोवला आणि तिरकी आत घुसली. चेंडू तिच्या मैत्रिणीने आधीच सोडला होता, ती वळायच्या आधीच. मी मान वळवेपर्यंत ती माझ्या पाठीमागे होती.

वॉल्श यांची सारी पद्धत या एका वेळेच्या हिशेबावर उभी होती. आखूड, नेमके पास; रिसीव्हर पूर्ण वेगात असताना चेंडू त्याच्या हातात पडला पाहिजे, म्हणजे पाच यार्डांच्या फेकीचे पन्नास यार्ड होतात. राइससारखा माणूस याच पद्धतीसाठी जन्मला होता. पण सुरुवात कठीण गेली. १९८५ च्या पहिल्या हंगामात चेंडू हातातून निसटायचे आणि घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ज्याने विटा सोडल्या नाहीत त्याच्या हातून चेंडू सुटत होते, कारण झेलण्याआधीच तो चालींच्या जाडजूड पुस्तकाचा विचार करत होता. डिसेंबरात रॅम्सविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्ड काढले आणि ओरडणारे गप्प झाले. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याला फक्त १२ सामने मिळाले. त्यात २२ टचडाउन झेल. हा विक्रम वीस वर्षं टिकला, आणि २००७ मध्ये रँडी मॉसने तो एकाने मोडला तो १६ सामने खेळून.

नातीने चेंडू झेलला की ती तिथे थांबत नव्हती. बागेच्या कडेच्या बाकापर्यंत पळत जायची आणि मगच परतायची. मी विचारलं तर म्हणाली, “राइस प्रॅक्टिसमध्ये असंच करायचा, कोचने व्हिडिओ दाखवलाय.” खरं आहे. सरावात पाच यार्डांचा झेल घेतला तरी राइस गोलरेषेपर्यंत पळत जायचा. प्रत्येक वेळी. नवे खेळाडू यायचे, हे बघायचे आणि हळूहळू तेही पळू लागायचे. माझ्या लेखी त्याच्या साऱ्या आकड्यांपेक्षा ही सवय मोठी आहे, कारण आकडे त्यातूनच निघाले.

कँडलस्टिक पार्क आता नाही. १९६० साली खाडीच्या काठावर बांधलेलं, वाऱ्याने आणि धुक्याने बदनाम झालेलं ते स्टेडियम २०१५ मध्ये पाडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आग्नेय टोकाला आम्ही गेलो तर कुंपणाआड उजाड जमीन होती. शेजारच्या उद्यानात लोक मासे धरत बसले होते. ज्या गवतावर राइसने सोळा हंगाम काढले ते गवत कुठे होतं हे दाखवणारी खूणही मला सापडली नाही, आणि याचं मला वाईट वाटलं. संघ आता सांता क्लारात खेळतो, लीव्हाइज स्टेडियममध्ये. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत मराठी इतकं कानावर पडतं की भाच्याच्या सोसायटीत सामन्याच्या दिवशी लाल सदरे घातलेली अर्धी पोरं आपली असतात.

त्याची तीन अजिंक्यपदं टीव्हीवर पुन्हा पाहता येतात. जानेवारी १९८९, मायामी: सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध ११ झेल, २१५ यार्ड, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला डेन्व्हरचा ५५–१० असा धुव्वा. राइसचे तीन टचडाउन. १९९५ मध्ये सॅन दिएगोविरुद्ध पुन्हा तीन. यातला पहिला सामना मला सगळ्यांत जवळचा. फोर्टीनाइनर्स तीन गुणांनी मागे, जेमतेम तीन मिनिटं शिल्लक, आणि समोर ९२ यार्डांची वाट. जो मोंटाना एकेक पास टाकत संघाला पुढे नेत होता. मध्यावर राइसने २७ यार्डांचा झेल घेऊन जीव परत आणला. शेवटच्या चालीत तो चेंडू सुटण्याआधीच एका बाजूने दुसरीकडे सरकला. बचावाच्या नजरा त्याच्यामागे गेल्या. मोंटानाने चेंडू दुसऱ्या बाजूच्या जॉन टेलरकडे फेकला. ३४ सेकंद उरले असताना टचडाउन, २०–१६. सर्वांत मोठ्या क्षणी राइसच्या हाताला चेंडू लागला नाही, आणि त्या आनंदात तो सगळ्यांच्या बरोबरीने होता.

उतरणीचा काळ मला बघवत नाही, तरी सांगायला हवा. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात टँपाला त्याचा डावा गुडघा फाटला. साडेतीन महिन्यांत, म्हणजे कुठल्याही शहाण्या डॉक्टरला घाई वाटावी इतक्या लवकर, तो मैदानात आला, टचडाउन झेलला आणि पडताना गुडघ्याची वाटी फुटली. पुढच्या हंगामात पुन्हा हजर. २००१ मध्ये फोर्टीनाइनर्सनी त्याला सोडल्यावर तो खाडीपलीकडे ओकलंडच्या रेडर्सकडे गेला. २००२ मध्ये, चाळिशी गाठताना, ९२ झेल आणि १,२११ यार्ड. वयाच्या या टप्प्यावर बहुतेक रिसीव्हरना निवृत्त होऊन दशक लोटलेलं असतं. २००४ च्या सप्टेंबरात सलग २७४ सामन्यांत निदान एक झेल घेण्याची साखळी तुटली. तो बाकावर चिडून बसलेला दिसला. मग सिअॅटल. तिथे ८० हा नंबर स्टीव्ह लार्जंट यांच्या सन्मानार्थ बाद केलेला होता. लार्जंटनी परवानगी दिली. शेवटी डेन्व्हरच्या शिबिरात कळलं की फार तर चौथ्या क्रमांकाची जागा मिळेल. तेव्हा तो थांबला. वय ४२.

एक डागही आहे. हातमोज्यांवर ‘स्टिकम’ हा चिकट पदार्थ आपण थोडा मारायचो, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं आणि २०१५ मध्ये त्यावरून गदारोळ झाला. १९८१ पासून हा पदार्थ बंद होता. नंतर तो म्हणाला की त्या काळी सगळेच करायचे. सगळे करायचे म्हणून नियम मोडणं बरोबर ठरत नाही, असं मला वाटतं. पण २२,८९५ यार्ड चिकट बोटांनी मिळत नाहीत, हेही तितकंच खरं मानते. मोकळा सुटायला पाय लागतात.

२००६ मध्ये फोर्टीनाइनर्सनी त्याला आपला खेळाडू म्हणून निवृत्त होता यावं यासाठी एका दिवसाचा करार केला. कागदावरची रक्कम १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ साली आला, ८० नंबर घातला, ०६ मध्ये निवृत्त झाला, फोर्टीनाइनर्सकडून. पैसे अर्थातच कुणी दिले-घेतले नाहीत.

शेवटचा टप्पा ओहायोतलं कँटन. इथे व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. एका मंद उजेडाच्या दालनात ब्राँझचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले. राइस २०१० च्या तुकडीत, एमिट स्मिथबरोबर. डोळे किंचित आक्रसलेले, जबडा आवळलेला. त्या वर्षीच्या भाषणाची चित्रफीत आम्ही पाहिली. तो म्हणाला होता की अपयशाच्या भीतीने मला आयुष्यभर पळवलं, आणि एकच खंत आहे, या सगळ्याचा आनंद घ्यायला मी कधी थांबलो नाही.

परतताना गाडीत भाचा म्हणाला, “मावशी, ती भीती नसती तर हा विक्रमही नसता. दोन्ही एकाच पाकिटात मिळतात.” मला हे मान्य नाही. मी १९९४ ची ती उडी पाहिली आहे आणि भ्यालेला माणूस तसा उडत नाही. भीतीने माणूस टेकडी चढू शकेल, पहाटे उठू शकेल. पण पाच यार्डांचा सरावातला झेल घेऊन रिकाम्या मैदानात शेवटपर्यंत पळत जाणं, तेही वीस वर्षं, यात कुठेतरी खेळण्याची निखळ आवड आहेच, त्याला स्वतःला ती दिसली नसली तरी. भाचा म्हणाला, त्याच्या मनातलं त्याच्यापेक्षा तुला जास्त कसं कळणार? मी म्हटलं, नातीला विचार, ती बाकापर्यंत कशासाठी पळते. क्लीव्हलंडच्या विमानतळावर भाड्याची गाडी परत करेपर्यंत आमचा हा वाद चालला होता.